१९५२ची लेस पॉल : कोन नेकचा चुकला, बदनाम ब्रिज झाला

गिब्सन कंपनीची पहिली लेस पॉल गिटार १९५२ साली बाजारात आली, तेव्हा तिच्या तारा ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकवणाऱ्या भागाच्या) दांड्यावरून नव्हे, दांड्याच्या खालून गेलेल्या होत्या. ब्रिज तसा वापरायचा नव्हता. तारा वरून घेतल्या तर त्या फिंगरबोर्डपासून (बोटांनी तारा दाबायच्या पट्टीपासून) इतक्या उंच राहत की गिटार वाजवणं अवघड होई, म्हणून कारखान्याने त्या खालून ओवल्या आणि गिटारी दुकानांत पाठवल्या. पुढच्या तीन वर्षांत या मॉडेलने तीन वेगळे ब्रिज पाहिले. गिटारीच्या इतिहासात हे प्रकरण सहसा ‘वाईट ब्रिजची गोष्ट’ म्हणून सांगितलं जातं. मापं घेऊन पाहिलं तर दोष ब्रिजचा नव्हताच. दोष होता नेक (गिटारीची लांब मान) बॉडीत ज्या कोनात चिकटवली गेली त्या कोनाचा. ब्रिज बदलणं सोपं, चिकटलेल्या नेकचा कोन बदलणं जवळपास अशक्य. म्हणून त्या काळातल्या गिटारी आजही तो प्रश्न बाळगून आहेत.

फुलर्टनची फळी, कॅलामझूची कमान

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडरने १९५० साली भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली. तीच १९५१पासून टेलिकास्टर. तिची रचना सुताराला एका नजरेत समजेल अशी आहे: सपाट फळी, तिच्यात कापलेली खाच, खाचेत चार स्क्रूंनी आवळलेली नेक. फळी सपाट आणि नेक तिला समांतर असल्यामुळे ब्रिज बुटका ठेवला की काम झालं. कोन चुकलाच तर नेक सोडवायची, खाली कागदाची किंवा पातळ लाकडाची पट्टी घालायची, पुन्हा आवळायची. पंधरा मिनिटांचं काम.

मिशिगन राज्यातल्या कॅलामझूच्या गिब्सन कंपनीची घडण वेगळी होती. १९०२ साली स्थापन झालेली ही कंपनी कोरीव कमानीच्या, पोकळ गिटारींसाठी आणि मँडोलिनसाठी ओळखली जात होती. १९४४ पासून तिची मालकी शिकागो म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्सकडे होती आणि १९५० पासून टेड मॅककार्टी अध्यक्ष होते. लेस पॉल या गाजलेल्या वादकाने १९४०च्या दशकातच भरीव गिटारीची कल्पना गिब्सनपुढे मांडली होती, तेव्हा ती नाकारली गेली. फेंडरची फळी विकली जाऊ लागल्यावर मात्र कॅलामझूत घाई सुरू झाली.

मॅककार्टींनी नंतर मुलाखतींत सांगितलं की गिब्सनने गिटारीचा वरचा पृष्ठभाग मुद्दाम कमानदार ठेवला, कारण फेंडरकडे कमान कोरायची यंत्रं नव्हती आणि त्याला नक्कल करता आली नसती. हे धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचं होतं. महोगनीची बॉडी, वर मेपलचा कोरलेला थर, त्यावर सोनेरी रंग, दोन पी-९० पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग), २४ ३/४ इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी), रोझवुडचा फिंगरबोर्ड, किंमत २१० डॉलर. टेलिकास्टर तेव्हा १८९ डॉलर ५० सेंटला मिळत होती. सोनेरी रंगाचा आणखी एक उपयोग झाला: खालचा मेपल दिसत नसल्यामुळे तुकड्यांची रेषा किंवा पोत जुळतो का, याची कारखान्याला फिकीर उरली नाही.

पण कमान आली की तिच्यासोबत भूमितीही येते. पृष्ठभाग मधोमध वर उचललेला असेल तर ब्रिज उंचावर उभा राहतो, आणि तारा तिथपर्यंत पोहोचायच्या तर नेक मागे झुकलेली हवी. पोकळ कमानदार गिटारी बनवणाऱ्या कारागिरांना हे तोंडपाठ होतं. तरी भरीव गिटारीच्या पहिल्या मांडणीत नेक जवळपास सरळ बसवली गेली.

ट्रॅपीझ ब्रिज आणि त्याची अडचण

लेस पॉलचं स्वतःचं ठळक योगदान म्हणून मॅककार्टी ज्या एका भागाचं श्रेय देत, तो म्हणजे ब्रिज आणि टेलपीस (तारांची टोकं अडकवायचा भाग) एकत्र असलेला जोडभाग. (गिटारीच्या बाकी रचनेचं श्रेय कोणाचं, यावर दोघांनी आयुष्यभर परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या.) एक धातूचा आडवा दांडा, त्याखाली उंची बदलता येणारे दोन पाय, आणि दांड्यापासून गिटारीच्या शेपटीकडे गेलेल्या दोन लांब सळ्या. सळ्यांच्या समलंबाकृती मांडणीवरून हा भाग ट्रॅपीझ म्हणून ओळखला जातो. पाय लाकडात रुतवलेले नसतात, नुसते पृष्ठभागावर टेकलेले असतात. दांडा जागेवर राहतो तो तारांच्या दाबाने.

ही कल्पना मुळात वेडगळ नव्हती. मिरजेच्या कारागिरांच्या सतारीवर आणि तानपुऱ्यावर घोडीही तबलीवर अशीच, केवळ तारांच्या दाबाने उभी असते आणि वर्षानुवर्षं हलत नाही. तिथे तारा घोडीवरून पुरेशा तीव्र कोनात वळतात, म्हणून दाब भरपूर मिळतो. गिब्सनच्याच पोकळ ईएस-२९५ या सोनेरी गिटारीवर हाच ट्रॅपीझ १९५२पासून होता. तिथे तारा दांड्यावरून जात आणि काम ठीक चाले. एल्विस प्रेस्लीच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत स्कॉटी मूर जी गिटार वाजवत होता ती ईएस-२९५. म्हणजे एकच भाग एका गिटारीवर चालत होता आणि दुसरीवर फसत होता. फरक नेकच्या झुकावाचा.

आता आकडे पाहू. लेस पॉलमध्ये नेक आणि बॉडीचा सांधा १६व्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) येतो. २४.७५ इंच म्हणजे साधारण ६२८ मिमी स्केलवर १६व्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंतचं अंतर सुमारे २४९ मिमी भरतं. नेक एक अंश मागे झुकवली की ब्रिजच्या जागी तारांची पातळी २४९ मिमी गुणिले ०.०१७५, म्हणजे जवळजवळ ४.४ मिमीने वर जाते. १९५२च्या गिटारींत हा झुकाव एक-दोन अंशांच्या घरात आहे. नेका हाताने बसवलेल्या, त्यामुळे प्रत्येक गिटारीत थोडाफार फरक सापडतो. पुढे ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आला तेव्हा झुकाव चार अंशांच्या आसपास पोहोचला होता. दोन-तीन अंशांचा फरक म्हणजे ब्रिजच्या जागी ९ ते १३ मिमीचा फरक. ट्रॅपीझचे पाय पूर्ण खाली नेले तरी दांड्याची वरची कड तेवढी खाली जात नाही. उरतो एकच मार्ग: दांड्याची वरची कड सोडून खालची कड वापरायची, म्हणजे तारा खालून न्यायच्या. कारखान्याने तेच केलं.

त्यातून तीन तोटे झाले आणि तिन्हींचं मूळ एकच.

पहिला तोटा वादकाच्या उजव्या हाताला. ब्रिजपाशी तळहाताची कड टेकवून तारा अर्धवट दाबण्याची सवय लेस पॉलला स्वतःला होती. त्याच्या वाजवण्याचा तो भाग होता. तारा दांड्याखाली गेल्यावर तळहात दांड्यावर पडतो, तारांवर पडतच नाही. ज्याच्या नावाने गिटार विकली जात होती, त्यालाच आपल्या पद्धतीने ती वाजवता येईना. त्याने तक्रार केली, आणि तक्रार रास्त होती.

दुसरा तोटा दाबाचा. त्या काळच्या जाड तारांच्या संचाचा एकूण ताण ६० किलोच्या वर सहज जातो. नेककडच्या बाजूने दांड्यावर खाली पडणारा भार म्हणजे ताण गुणिले कोनाची ‘ज्या’ (साइन). ६० किलो धरले तर एका अंशाला सुमारे १ किलो, चार अंशांना सुमारे ४.२ किलो. शेपटीकडच्या सळ्यांचा उतार त्यात थोडी भर घालतो, पण तारा खालून नेल्यामुळे दांडाच बुटका ठेवावा लागला आणि हा उतारही कमी झाला. एवढ्याशा भारावर टेकलेला दांडा जोरात स्ट्रम केल्यावर आडवा सरकतो. सरकला की बारीक ई तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरायला लागते आणि सूर बिघडतो. नंतर लॅकरवर पायांचे खड्डेही दिसू लागतात.

तिसरा तोटा सुरांचा. जाड तार दाबली की तिचा सूर जास्त चढतो, म्हणून तिची लांबी थोडी वाढवावी लागते. बारीक ई तारेच्या तुलनेत जाड ई तारेला साधारण ३ ते ४ मिमी जास्त लांबी लागते. सरळ दांडा तिरका ठेवून हे अंदाजे साधतं, पण प्रत्येक तार वेगळी साधत नाही. त्यात जो दांडा स्वतःच सरकतो, त्याचं तिरकेपण टिकणार कसं?

कारखान्याने काय केलं

१९५३च्या ओघात दोन बदल एकत्र झाले. नेकचा झुकाव वाढवला गेला, आणि ट्रॅपीझच्या जागी बॉडीत बसवलेल्या दोन स्टडवर (धातूच्या खुंट्यांवर) अडकणारा जाड दांडा आला. तारा पुढून दांड्यात शिरतात, मागून गुंडाळून वरून परत पुढे येतात. वादक याला रॅपअराउंड म्हणतात. स्टड लाकडात ठोकलेल्या बुशिंगमध्ये (धातूच्या नळकांड्यांत) फिरतात, त्यामुळे आडवी हालचाल संपली. तळहात पुन्हा तारांवर टेकू लागला.

इथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. झुकाव एका ठरावीक दिवशी बदलला नाही. १९५३च्या गिटारींत स्टड आहेत पण झुकाव अजून कमीच आहे, अशा संक्रमणकाळातल्या गिटारी आढळतात. त्यांत रॅपअराउंड दांडा अगदी तळाला टेकवूनही ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त राहते. गिटार १९५३ची आणि स्टडची आहे एवढ्यावर ‘प्रश्न सुटलेला’ असं गृहीत धरू नये. मोजायला हवं.

रॅपअराउंडचा उरलेला दोष सुरांचा. दांड्याच्या मागच्या बाजूला दोन छोटे स्क्रू आहेत. ते स्टडवर टेकतात आणि दांड्याचं एक टोक मागे ढकलतात. समायोजन तेवढंच, आणि तेही काही मिलिमीटर. त्या काळी ‘जी’ तार (जाडीकडून चौथी) लपेटलेली, म्हणजे वर बारीक तार गुंडाळलेली असे, तेव्हा हे बऱ्यापैकी चालायचं. साधी, न लपेटलेली ‘जी’ तार लावली की तीच तार सर्वांत जास्त बिघडते, कारण लपेटलेल्या तारेपेक्षा साध्या जाड तारेला जास्त लांबी लागते. १९६०च्या दशकात गिब्सनने पायऱ्या असलेला दांडा काढला, पण त्यातली पायरीही लपेटलेल्या जी तारेच्या हिशेबाने बी तारेपाशी ठेवलेली होती. आजच्या हलक्या संचावर तो दांडा साध्या दांड्यापेक्षाही वाईट सूर देऊ शकतो.

१९५४ साली काळी लेस पॉल कस्टम आली, किंमत ३२५ डॉलर, आणि तिच्यावर ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज होता. सहा तारांना सहा वेगळे सॅडल (तार टेकायचे छोटे ठोकळे), प्रत्येक स्क्रूने पुढेमागे सरकणारं, आणि तारा अडकवायला मागे वेगळा दांडा. १९५५पासून सोनेरी मॉडेललाही तो मिळाला. या ब्रिजच्या पेटंटचा अर्ज मॅककार्टींच्या नावाने १९५२ सालीच दाखल झाला होता. पेटंट मिळालं १९५६मध्ये. म्हणजे ज्या वर्षी तारा दांड्याखालून जात होत्या, त्याच वर्षी उत्तर कागदावर तयार होतं. पण ट्यून-ओ-मॅटिक हा उंच ब्रिज आहे. १९५२च्या झुकावावर तो बसवला असता तर तारा आकाशात गेल्या असत्या. आमच्या मते हे प्रकरण ब्रिजचं नाही, नेकचं आहे, याचा सर्वांत बळकट पुरावा हाच.

ट्यून-ओ-मॅटिकचेही दोष होते. सुरुवातीच्या एबीआर-१ प्रकारात सॅडल धरून ठेवणारी तार नव्हती, वाजवायची तार तुटली की सॅडल उडून खाली पडे. सॅडल धरणारी बारीक तार १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि मग तीच झणझणू लागली. ब्रिजचे दोन पाय थेट मेपलमध्ये स्क्रूसारखे शिरतात, बुशिंग नाही. वर्षानुवर्षांच्या ताणाने ते पुढे झुकतात. पण हे सगळे दोष स्वस्तात सुटणारे.

पेटंटची एक गंमत इथेच नोंदवतो. सेथ लव्हरचा हंबकर (गुणगुणाट घालवणारा, दोन वेटोळ्यांचा) पिकअप १९५७मध्ये लेस पॉलवर आला आणि त्याचं पेटंट १९५९मध्ये मिळालं, क्रमांक २,८९६,४९१. पुढे पिकअपच्या तळाला पेटंट क्रमांकाचा स्टिकर चिकटवायला सुरुवात झाली, तेव्हा गिब्सनने त्यावर छापला २,७३७,८४२. हा क्रमांक पिकअपचा नाहीच. तो लेस पॉलच्या त्या ट्रॅपीझचा आहे. स्पर्धकांनी पेटंट शोधून नक्कल करू नये म्हणून हे केलं की कारकुनी घोळ झाला, यावर संग्राहक अजून भांडतात. लेस पॉलवरून ज्या भागाची दुसऱ्याच वर्षी गच्छंती झाली, त्याचा क्रमांक मात्र गिब्सनच्या सर्वांत नावाजलेल्या पिकअपच्या पाठीवर बरीच वर्षं मिरवत राहिला.

विक्रीचे आकडे मात्र सरळ तर्काला धरून चालत नाहीत. गिब्सनच्या रवानगीच्या नोंदींनुसार या मॉडेलच्या १९५२मध्ये १,७१६ गिटारी गेल्या, १९५३मध्ये २,२४५, १९५४मध्ये १,५०४. ब्रिज आणि कोन दोन्ही जुळल्यावर १९५५मध्ये फक्त ८६२. हंबकर, चेरी सनबर्स्ट रंग आणि आज कोट्यवधी रुपयांना विकली जाणारी १९५८, १९५९, १९६०ची तीन वर्षं मिळून बेरीज होते ४३४ अधिक ६४३ अधिक ६३५, म्हणजे १,७१२. सदोष गिटारीच्या पहिल्या एका वर्षापेक्षा चार कमी! १९६१मध्ये हे शरीरच बंद झालं आणि दोन शिंगांची पातळ गिटार आली. जुन्या घडणीची लेस पॉल १९६८मध्येच परतली. नव्या वस्तूचं कौतुक, लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांची तेव्हाची लोकप्रियता यांनी पहिली वर्षं विकली गेली. वादकांनी ब्रिज तपासून गिटार घेतली असं दिसत नाही.

आज अशी गिटार हाती आली तर

आधी ओळख. १९५२च्या गिटारींवर क्रमांक नाही. १९५३पासून हेडस्टॉकच्या (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाच्या) मागे शाईने क्रमांक छापला जाऊ लागला आणि त्याचा पहिला अंक वर्ष सांगतो. अगदी सुरुवातीच्या गिटारींत फिंगरबोर्डला कडेची पट्टी नसते आणि ब्रिजजवळच्या पिकअपचे स्क्रू तिरक्या कोपऱ्यांत असतात. सोनेरी रंगात ब्रॉन्झची भुकटी आहे. हाताच्या घर्षणाने वरचं लॅकर झिजलं की ती हिरवट पडते. हिरवट झाक ही वयाची खूण आहे, ती पॉलिश करून घालवू नये.

मग मोजमाप. खालची पद्धत लेस पॉलच्या घडणीच्या कोणत्याही गिटारीला लागू पडते, पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळणाऱ्या नव्या एपिफोनलाही (गिब्सनच्याच स्वस्त गिटारी).

तारा सुरात लावा. पहिल्या आणि सोळाव्या फ्रेटवर जाड ई तार दाबून आठव्या फ्रेटपाशी फट पाहा, ०.२ ते ०.२५ मिमी असावी. नसेल तर हेडस्टॉकवरच्या झाकणाखालचा ट्रस रॉडचा (नेकमधल्या ताण देणाऱ्या सळईचा) नट त्याच्या मापाच्या पान्याने (गिब्सनवर ५/१६ इंची) फिरवा, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग ६० सेंटिमीटरची पोलादी सरळपट्टी मधल्या दोन तारांमधून फ्रेटच्या माथ्यांवर ठेवा आणि ब्रिजपर्यंत पोहोचू द्या. ब्रिजच्या जागी पट्टीच्या खालच्या कडेपासून लाकडापर्यंतचं अंतर मोजा. याला ‘उ’ म्हणू.

लागणारी ब्रिजची उंची म्हणजे उ अधिक बाराव्या फ्रेटवरच्या ॲक्शनची दुप्पट, वजा नटपाशी (इथे नट म्हणजे हेडस्टॉककडची खाचांची पट्टी) तारेची फ्रेटच्या पातळीपासूनची उंची. ॲक्शन १.७५ मिमी आणि नटपाशी ०.५ मिमी धरली तर उ अधिक ३ मिमी. ट्यून-ओ-मॅटिक सर्वांत खाली नेल्यावर साधारण १५-१६ मिमी उंच राहतो. म्हणून उ किमान १२-१३ मिमी हवा. उ ७ मिमी भरला तर ट्यून-ओ-मॅटिक विसरा. उ २० मिमीच्या पुढे गेला तर उलटा प्रश्न: ब्रिज पायांवर फार उंच चढतो आणि पाय पुढे वाकतात.

ट्रॅपीझ असलेली मूळ गिटार असेल तर चार वाटा आहेत, आणि आमची पसंती पहिलीला.

मूळ स्वरूपात ठेवणे. ११ किंवा १२चा संच (सर्वांत बारीक तार ०.०११ किंवा ०.०१२ इंचांची) लावा, ‘जी’ तार लपेटलेली. तारा एकेक बदला. सगळ्या एकदम काढल्या की दांडा खाली पडतो आणि सोनेरी लॅकरवर ओरखडा उमटतो. सत्तरी ओलांडलेल्या लॅकरवरचा ओरखडा लपवता येत नाही. दांड्याची जागा ठरवताना बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर जुळवा, आधी दोन्ही ई तारांचा, मग मधल्या तारांत जमेल तेवढी तडजोड. जागा सापडली की दोन्ही पायांच्या भोवती कागदी मास्किंग टेपने खूण करा आणि काम संपताच टेप काढून टाका. दांडा घसरू नये म्हणून पायांखाली रबर किंवा पीव्हीसीची चकती घालण्याचा मोह होतो. घालू नका, नायट्रोसेल्युलोज लॅकर त्यांच्या संपर्कात मऊ पडून चिकटतं. पातळ चामड्याची किंवा कागदाची चकती पुरते. सळ्या झणझणत असतील तर त्यांच्यात आणि बॉडीत फेल्टचा तुकडा. तळहाताने तारा दाबणं मात्र या वाटेने जमणार नाही. ते हवं असेल तर दुसरी गिटार वाजवावी.

दुसरी वाट: ट्रॅपीझच्या जुन्याच जागी बसणारा, आतून कोरून बुटका केलेला आधुनिक बदली ब्रिज. असे भाग खास या गिटारींसाठी बनवले जातात. त्यांवर तारा वरून नेता येतात, लाकडात एकही छिद्र पडत नाही, आणि मूळ भाग डब्यात ठेवता येतो. वाजवायला घेतलेल्या गिटारीसाठी हा व्यवहारी मार्ग आहे.

तिसरी वाट: स्टड ठोकून रॅपअराउंड बसवणे. गेल्या सत्तर वर्षांत अनेक गिटारींवर हे झालं आहे आणि बहुतेक वेळा वाईट झालं आहे, कारण आधी उ मोजलेला नव्हता. दांडा तळाला टेकवूनही तारा उंच राहतात, मग कोणीतरी मेपलमध्ये दांड्याखाली खाच कोरतो, आणि तिथे गिटारीची किंमत आणि पृष्ठभाग दोन्ही जातात. आणखी एक छोटी चूक या वाटेवर नेहमी होते: अर्थिंगची तार पूर्वी ट्रॅपीझला जोडलेली असते, ती नव्या स्टडच्या बुशिंगपर्यंत ओढली नाही तर पी-९० पिकअपचा गुणगुणाट तारांना हात लावूनही कमी होत नाही.

चौथी वाट: नेक सोडवून नव्या कोनात बसवणे. लेस पॉलच्या नेकचं कुसू (खाचेत शिरणारी जीभ) लांब असतं. बॉडीतल्या खाचेतून पुढे नेक पिकअपच्या पोकळीपर्यंत पोहोचतं आणि सगळं गरम सरसाने चिकटवलेलं असतं. आधी फिंगरबोर्डचा बॉडीवरचा भाग उष्णतेने सोडवावा लागतो, मग सांध्यात वाफ सोडून सरस मऊ करावा लागतो. वाफेने लॅकर पांढरं पडतं, महोगनी फुगते, मेपलचा थर सुटू शकतो. त्यानंतर कुसवाचे खांदे नव्या कोनात तासायचे, पोकळी भरायला महोगनीची पाचर, पुन्हा सरस. काही जण नेक न काढता फिंगरबोर्डखाली पाचर घालून कोन वाढवायचं सुचवतात. हिशेब करून पाहा: नटपासून २२व्या फ्रेटपर्यंत ४५२ मिमी, म्हणजे एका अंशासाठी बॉडीकडच्या टोकाला पाचर जवळजवळ ८ मिमी जाड. फिंगरबोर्डपेक्षाही जाड. अर्ध्या अंशापर्यंत ठीक, त्यापुढे नेक हातात मावत नाही.

नेक पुन्हा बसवणं शोभतं ते ज्या गिटारीचं मूळपण आधीच गेलेलं आहे तिथे: पुन्हा रंगवलेली, हेडस्टॉक तुटून जोडलेली, पिकअप बदललेली. रॉक गायक नील यंगची ओळख बनलेली काळी गिटार ही मूळ १९५३ची सोनेरी लेस पॉल. तिला काळा रंग, ट्यून-ओ-मॅटिक आणि बिग्सबी व्हायब्रॅटो (तारांचा सूर हलवणारा दांडा) नंतर मिळाले. अशा गिटारीत बदल करणं हा गुन्हा नाही. अस्पर्श १९५२ची गिटार घेऊन तेच करणं हा मात्र आमच्या दृष्टीने निव्वळ नासधूस.

विकत घेणाऱ्याने शेवटी तीन ठिकाणी टॉर्च मारावी. गिटारीच्या शेपटीला, पट्ट्याच्या बटणापाशी, ट्रॅपीझच्या स्क्रूंची बुजवलेली छिद्रं दिसली आणि विकणारा म्हणत असेल की ही मुळातच स्टडची गिटार आहे, तर तो चूक आहे किंवा खोटं बोलतो आहे. ब्रिजजवळ पृष्ठभागावर दोन गोल दबलेले ठसे म्हणजे ट्रॅपीझच्या पायांची निशाणी. आणि नेक पिकअप उचलून पोकळीत कुसवाचं टोक पाहावं: ताज्या लाकडाची पाचर, पांढरा गोंद किंवा वाफेने उठलेला तंतू दिसला तर नेक कधीतरी निघालेली आहे. गिटार परदेशातून येणार असेल तर एक कागदही तपासावा. तिच्या फिंगरबोर्डचं रोझवुड ब्राझीलचं आहे, आपल्याकडची शिसव नव्हे. ते १९९२पासून साइटिस या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे परवान्याशिवाय सीमा ओलांडताना गिटार जप्त होऊ शकते, मग तिचा कोन कितीही बरोबर असो.